आत्तीच्या नावचं रक्त

आत्ती गेल्या. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगंच आशेला लागून ऐकत बसू नका. आत्ती म्हणजे माझी सासू, शिवम्मा. त्यास्नी जाऊन धा-बारा वरसं झाली. तरी पेठ वडगावात अजून कुणीतरी म्हणतंच, "लाईट दिली आणि म्हातारी मेली." ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते बघा. अगं, तू हुतीस व्हय तितं? लाईटनं मेल्या न्हाईत आणि लाईटनं जगल्याबी न्हाईत. सगळं अर्ध्यात राहिलं. कसं राहिलं ते मला ठावं हाय.

मी त्यांची सून, महानंदा. आमच्याकडं बायकाबी "मी आलो, मी बसलो" असंच बोलत्यात. कोल्हापूरच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई पुण्याकडची हुती, ती पयल्या दिवशी माझं बोलणं ऐकून हसली. मी म्हणलो, हसा बाई, तुमच्या हितं हसण्यासारखं दुसरं हाय तरी काय.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. आत्तींची सत्तरी उलटलेली आणि त्यास्नी परत अंगावरनं जायला लागलं. कुणाला बोलल्या न्हाईत. धुणं मी धुतो, लुगडं मी बघतो, तवा कळलं. कोल्हापूरला दाखवलं, तर गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर निघाला. ऑपरेशनचं वय न्हाय, म्हणाले, लाईट घ्या. आमचं मालक सोमशेखर एस.टी.त कंडक्टर, त्यांची ड्युटी कुठं कुठं असायची. तवा दवाखाना माझ्या आणि मामांच्या गळ्यात आला. मामा म्हणजे माझं सासरं, गुरुपाद. वडगावात त्यांचं गुरांच्या दाव्या-कासऱ्याचं दुकान. दावी, कासरे, वेसणी, म्होरक्या. माणूस असा अबोल की गिऱ्हाइकानं चार वाक्यं बोलावीत तवा ह्यांनी एक "व्हय" म्हणावं.

लाईट म्हणजे दिवा न्हवं. खोलीत एक मोठं मशीन असतंय, त्याच्याखाली निजायचं. बाकीची माणसं बाहीर येत्यात, दार लावत्यात, जरा वेळानं उघडत्यात. दुखत न्हाय, भाजत न्हाय, दिसत तर काहीच न्हाय. पयल्या दिवशी आत्ती बाहीर येऊन म्हणाल्या, "झालं? मला वाटलं अजून चालूच करायचंय."

त्याच दिवशी बाईनं मामांना समोर बसवून सांगितलं. "आजोबा, एकच गोष्ट लक्षात ठेवा. खंड पडू द्यायचा नाही. लोक मध्येच सोडून जातात. पेरणी आली, लग्न आलं, जरा बरं वाटलं. मग आजार दुप्पट जोर धरतो. रोजची लाईट रोज झाली पाहिजे."

मामांनी मान हलवली. दुसरं काय त्यास्नी कळलं न्हाय कळलं देव जाणे, पर नेमाची भाषा मामांना कळायची.

आमच्यात सोमवार धरत्यात. आत्तींनी तो लगीन होऊन आल्यापासनं धरला, एकबी सोडला न्हाय. आता बाईमाणसाला बाळंतपण हाय, आजारपण हाय, मग सोमवार कसा सुटला न्हाय? तर मामांनी धरला. आमच्यात असं चालतं. एकाला जमत न्हाय तवा घरातल्या दुसऱ्यानं त्याच्या नावानं उपास करायचा, त्याच्या नावानं बेल व्हायचा. देवाकडं तो त्याचाच लागतो. माझ्या नवऱ्याच्या वेळी आत्ती बाजेवर हुत्या, तवा मामांनी स्वतःचा सोमवार धरून वर बायकोचा निराळा धरला. स्वतःचा म्हणून एक वेळ जेवायचं, आणि तिचा म्हणून दिवस मावळेपर्यंत पाणीबी प्यायचं न्हाय. ह्या आजारातबी तेच चाललंवतं. मी एकदा विचारलं, "मामा, एका पोटात दोन उपास मावत्यात कसं हो?" म्हणाले, "मावत्यात."

रोज गाडी. भाकरी करायची, डबा भरायचा, आत्तींना धरून एस.टी.त चढवायचं, कोल्हापुरात उतरवायचं, दवाखान्यात बाकड्यावर बसायचं, नाव आलं की आत सोडायचं, परत गाडी. त्या दिवसांत मला काय वाटत हुतं म्हणून कुणी विचारलं तर सांगता यायचं न्हाय. काहीच वाटायचं न्हाय. एरवी मी अशी की भांड्याला भांडं लागलं तर भांड्याशी भांडीन. पर तवा कंडक्टरनं सुट्ट्यावरनं आवाज चढवला तरी मी नुसतं त्याच्या तोंडाकडं बघत बसायचो. हात चालायचे, पाय चालायचे, मी त्यात नसायचो. आत्तींना जुलाब लागले, मी धुतलं. आत्तींना जेवण जाईना, मी ताट उचललं. रडू न्हाय, राग न्हाय. पायाला मुंगी येते न्हवं, तशी माझ्या सगळ्या जिवाला आलती.

काही आठवड्यांनी रक्त तपासलं आणि बाईनं लाईट थांबवली. पांढऱ्या पेशी उतरल्या, म्हणाली. मी विचारलं, रोग पिशवीला आणि रक्ताचं हे काय मधीच? तर तिनं नीट समजावून सांगितलं, खोटं कशाला बोलू. कमरेच्या हाडांच्या आत रक्त तयार हुतंय. लाईट नेमकी तितंच पडती. तरण्या माणसाचं रक्त लौकर भरून येतंय, म्हाताऱ्याचं येत न्हाय, वय झालं की हाडातला साठाच कमी झाल्याला असतोय. पांढऱ्या पेशी उतरल्या की साधा ताप, साधी हगवणसुद्धा जिवावर बेतती. "आठवडाभर थांबू. रक्त चांगलं आलं की लाईट देते," म्हणाली.

मामा उठून उभं राहिलं. "पर बाई, खंड पडतोय की."

"पडतोय. पण इलाज नाही. रक्त चांगलं आलं तरच लाईट."

बाहीर माणसं खोळंबल्याली. तिनं दुसरी फाईल उघडली. ती तरी काय करणार? मामा गाडीत वडगाव येईपर्यंत खिडकीतनं बाहीर बघत हुते. उतरताना म्हणाले, "लाईट घेतली की रक्त जातंय. न घेतली तर रोग वाढतोय." मी म्हणलो, "व्हय मामा. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय."

मग घरात रक्त वाढवायचा कारखाना निघाला. बीट काय, खजूर काय, मेथी काय, नाचणीची आंबील काय. शेजारची झुंबरबाई येऊन म्हणती, "पायाचं सूप द्या, रक्त असं उसळी मारतंय." लिंगायताच्या उंबऱ्यात उभं राहून पायाचं सूप! मी म्हणलो, "तूच पी आणि उसळ्या मार." तेवढा एक दिवस मी माझ्यासारखी बोललो.

पुढं एकदा लाल रक्तबी कमी भरलं, तवा बाटली लावायची ठरली. बाटलीच्या बदल्यात घरातल्या कुणीतरी रक्त द्यायचं हुतं. मामा सगळ्यांच्या आधी गेलं, बाही दंडाच्या वर करून. तिथला माणूस म्हणाला, "आजोबा, तुमचं वय झालं, तुमचं घेत न्हाईत." मामा म्हणाले, "मला काय झालंय?" "काय झालं न्हाय, पर घेत न्हाईत." बाही खाली करून मामा परत आले. मग सोमशेखरनं दिलं. आत्तींना बाटली चढाय लागली तर त्यांचा जीव भलतीकडंच. "महानंदा, कुणाचं हाय गं? मटण खाणाऱ्याचं न्हवं न्हवं?" मी म्हणलो, "आत्ती, तुमच्या अंगात शिरलं की तेबी गळ्यात लिंग बांधून घेतंय की." त्या हसल्या. मामांनी मात्र सारखं त्या नळीकडं बघितलं. कुणाचं तरी रक्त थेंब थेंब बायकोत जात हुतं, आणि त्यांचं नको म्हणलंवतं.

लाईट परत सुरू झाली, परत थांबली. आत्तींच्या हाताची शिर सापडंना. सुई इकडं खुपस, तिकडं खुपस. दोन्ही हात कोपरापासनं मनगटापर्यंत काळंनिळं पडले. बाईला दया आली. म्हणाली, "रक्तासाठी म्हातारीला पहाटे उठवून इथं आणू नका. तुमच्या वडगावात लॅब आहे ना? तिथं तपासा आणि रिपोर्ट घेऊन या." चिठ्ठी दिली, इंग्रजीत, वर नुसतं नाव, एस. जी. तोडकर, बाई का बाप्या ते न्हाय, खाली काय काय तपासायचं ते.

पयल्यांदा मी नेलं. ल्याबवाल्यानं लई वेळा टोचलं तवा थोडं रक्त आलं. आत्ती "शिवा शिवा" करत हुत्या. मामा दारात उभं हुते. रिपोर्ट वाईटच आला. लाईट परत थांबली.

त्याच्यानंतर मामा म्हणाले, "रक्ताचं मी बघतो. तू दुकान उघडत जा."

मला काय, बरंच झालं. मी दुकान उघडायचो, कासरे लटकावायचो. संध्याकाळी मामा रिपोर्ट घेऊन यायचे. आणि रिपोर्ट चांगला! बाई खूश. "वा आजी, या वयात छान भरून आलंय रक्त. काय खायला घालता?" मी म्हणलो, बीट. लाईट सुरू झाली, आणि या खेपेला थांबली न्हाय. दर तपासणीला रिपोर्ट चांगला. दवाखान्यात ही गर्दी, बाई कागद बघणार, सही करणार, पुढचा पेशंट. शेवटच्या थोड्याच लाईटा उरल्या. त्या झाल्या की सुटलो, एवढं एकच माझ्या डोक्यात. मामांच्या तोंडावर मी पयल्यांदा जरा उजेड बघितला. झुंबरबाईला ते आपणहून म्हणाले, "आता खंड न्हाय." आपणहून! त्या माणसाच्या तोंडात तेवढे शब्द म्हणजे भाषणच की.

आत्ती मात्र दिवसेंदिवस खाली चालल्या. तोंडात फोडं, पाणी गिळंना. नडग्यांवर जांभळे ठिपके उठले, मला वाटलं ढेकूण चावले. चार पावलं चालल्या की धाप. मी मामांना म्हणलो, "रिपोर्ट चांगला हाय, मग हे असं कसं?" मामा म्हणाले, "लाईट पुरी झाली की हुईल." एका सकाळी अंगाला हात लावला तर तवा. थंडीनं दात वाजत हुते. सोमशेखरनं जीप बोलावली आणि आम्ही कोल्हापूर गाठलं.

बाईनं आत्तींच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आतनं पांढरीफटक. मग नडग्यांवरचे ठिपके बघितले. मग फाईल उघडून कालपरवाचा रिपोर्ट बघितला, परत पापणी बघितली. दवाखान्यातच ताजं रक्त काढायला लावलं. त्याचा कागद आला तवा बाईचा चेहराच उतरला.

"हे वडगावचं रक्त हिचं नाही," ती म्हणाली. "हे कुणातरी धडधाकट माणसाचं आहे. हिच्यात पांढऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नाहीत. आणि मी हिला लाईट देत गेले!"

माझ्या डोक्यात एकदम जाळ झाला. इतक्या महिन्यांचा थिजलेला राग सगळा वर आला. "त्या ल्याबवाल्याचं तंगडं मोडतो! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! कुणाचं रक्त कुणाच्या बाटलीत भरतोय मुडदा! चल रे सोमशेखर," असं मी सगळ्यांच्या देखत नवऱ्याचं नाव घेऊन वरडलो.

मामा बाकड्यावर बसलंवते. बसल्या बसल्याच म्हणाले, "त्याची चूक न्हाय. रक्त मी दिलं."

बाईनं विचारलं, "म्हणजे?"

मामांनी बाही वर केली. कोपराच्या खळग्यात सुईच्या खुणा. "तिच्या हातात सुई शिरायला जागा ऱ्हायली न्हवती. माझ्यात हाय. चिठ्ठी दिली, स्टुलावर बसलो, त्यानं काढून घेतलं. गर्दीत त्यानं काय इचारलं न्हाय, मी काय सांगितलं न्हाय."

"आजोबा, अहो, काय केलंत हे तुम्ही!" बाईचा आवाज चढला. "ती तपासणी होती! हिचं रक्त किती उरलंय ते बघायला. तुमचं बघून मला काय कळणार? तुम्ही मला आंधळं केलंत. खंड पडला असता तर चाललं असतं हो, निदान..."

"तुमीच म्हणला, खंड पडू द्यायचा न्हाय."

"म्हणून दुसऱ्याचं रक्त द्यायचं?"

मामा तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत लबाडी न्हवती, लाजबी न्हवती. खरोखरचं न कळणं हुतं. "तिचा सोमवार मी धरतो, तवा देवाला चालतंय," ते म्हणाले.

सोमशेखर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. माझा जाळ जसा आलता तसा विझला. कुणावर वरडायचं आता? ल्याबवाला सुटला, बाई सुटली, आणि उरला हा म्हातारा. त्याला काय बोलू? मी परत थिजलो.

आत्तींना ॲडमिट केलं. बाटल्या, इंजेक्शनं. खोलीत आमच्याशिवाय कुणी यायचं न्हाय, तोंडाला फडकं बांधायचं. ताप उतरायचा, चढायचा. आत्तींना एवढंच ठावं की मधी टोचायचं बंद झालंतं. म्हणाल्या, "मला वाटलं तपासणी संपली. बरं वाटलंवतं." मामांनी काय केलं ते त्यास्नी कुणी सांगितलं न्हाय. मीबी न्हाय. माझ्या जिभेला हाड न्हाय म्हणत्यात, पर तेवढं गिळलं.

पुढं ताप हटला. बाईनं आम्हाला बाहीर बोलावलं. मऊ बोलली, त्यानंच मला कळलं. "ह्या वेळी निभावलं. पण आता लाईट बंद. हाडं थकलीत, परत सोसणार नाहीत. उरलेल्या राहू द्या. घरी न्या, आवडेल ते खायला घाला."

"आणि रोग?" सोमशेखरनं विचारलं.

बाईनं फाईल मिटली. मामांनी ऐकलं. मान हलवली, जशी पयल्या दिवशी हलवलीवती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्तींचं तोंड धुवून मी बाहीर आलो, तर मामा जाग्यावर न्हाईत. चहाच्या गाड्यावर बघितलं, न्हाईत. नळावर बघितलं, तर त्यांचं धोतर धुवून वाळत घातल्यालं. शोधत शोधत लाईटच्या खोलीकडं गेलो. तितं बाकड्यावर पेशंट ओळीनं बसल्याले, आणि त्यांच्यात मामा. आंघोळ केल्याली, कपाळाला इभूतीचे पट्टे, अंगात धुवट सदरा. मला वाटलं थकून बसले असतील.

दारावरचा आकाराम कार्डं बघून नावं पुकारत हुता. त्यानं पुकारलं, "शिवम्मा गुरुपाद तोडकर!"

मामा उठलं.

"पेशंट कुठाय आजोबा?" आकारामनं विचारलं.

"आलोय की," मामा म्हणाले आणि सदऱ्याची बटणं काढाय लागले.

आकाराम हसला. मग त्याला हसता येईना. त्यानं आत जाऊन बाईला बोलावलं. बाई दारात आली.

मामांनी हात जोडले. "बाई, रक्त चांगलं आलं तर लाईट देतो म्हणलावता. तिचं न्हाय आलं. माझं आलंय चांगलं. कागद तुमीच वाचलाय. तिच्या उरल्याल्या लाईटा माझ्यावर सोडा. तिच्या नावानं. मी सोसतो."

बाई रागावली न्हाय, हसलीबी न्हाय. "आजोबा, असं नाही देता येत," एवढंच म्हणाली.

"का?"

एवढी शिकली-सवरलेली बाई. ती दाराला धरून उभी राहिली.

आमच्यात सून सासऱ्याला हात लावत न्हाय. मी जाऊन मामांचा हात धरला, त्यांची बटणं लावली. ती लावता लावता मला रडू फुटलं. इतक्या महिन्यांत पयल्यांदा. सगळ्यांच्या म्होरं, मोठ्यानं, गळा काढून रडलो, आणि ते थांबंना. मामा रडले न्हाईत. त्यांनी आकारामपुढं हात केला आणि आत्तींचं कार्ड परत मागून घेतलं.

"आज ह्यास्नी येळ न्हाय," ते मला म्हणाले. "उद्या लौकर नंबर लावतो."